भिंतीचा श्वास

तिच्या कार्डावर 'निर्माती, नवमाध्यम कला' असं छापलेलं होतं. आई ते कार्ड शेजारपाजारी दाखवायची आणि "सिनेमाचं नाही हो, भिंतींचं" असं समजावायची. खरं काम म्हणजे कलावंत जे काही तारे तोडेल त्यांना छप्पर, वीज आणि परवानग्या मिळवून देणं. मागे एका चित्रकार बाईंना अंधारी खोली हवी होती, पण तो अंधार 'आपलासा वाटणारा' हवा होता. हिने काळ्या रंगाचे डबे बदलून बदलून पाहिले आणि शेवटी पहिलाच रंग परत लावला. बाई गहिवरल्या. तेव्हापासून हिचा कलेवरचा विश्वास उडाला आणि धंद्यावरचा बसला.

या खेपेचे कलावंत बोलताना डोळे मिटायचे. मनातल्या मनात ती त्यांना 'महाराज' म्हणायची. महाराजांच्या प्रदर्शनाचं नाव 'श्वासघर'. एका रिकाम्या गोदामात चारही भिंतींवर प्रोजेक्टरचा निळा उजेड, मधे जमिनीवर एक गोल. त्या गोलात माणसाने उभं राहायचं आणि त्याची छाती वरखाली होईल तसा भिंतींवरचा उजेड फुगायचा, आकसायचा. म्हणजे तसं व्हायला हवं होतं. छाती टिपणारं यंत्र महागडं होतं आणि महागड्या वस्तूंसारखंच नाजूकही. प्रोजेक्टर तापले, पंखे घरघरू लागले, की त्याला माणूस कुठला आणि गरम हवा कुठली हेच कळेनासं व्हायचं. मग भिंत उचकी लागल्यासारखी आचके द्यायची. कॉम्प्युटरवाल्याने बरंच डोकं फोडून घेतलं आणि काखा वर केल्या. महाराज डोळे मिटून म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा. मी तंत्रात पडत नाही."

तिने बघितलं. महाराजांचाच श्वास माइकवर घेतला. महाराज रोज सकाळी पोहायचे, त्यामुळे श्वास लांबलचक आणि भरघोस. कॉम्प्युटरवाल्याने उजेड त्या श्वासाला बांधला आणि तोच पुन्हा पुन्हा फिरत ठेवला. यंत्र नुसतं शोभेला, वर लाल दिवा लावून. महाराजांना हे माहीत होतं. त्यांनी त्याला 'मूळ श्वासाची देणगी' असं नाव दिलं आणि कुणाला सांगू नका म्हणाले.

प्रदर्शन उघडलं आणि कुणाच्या बापाला काही कळलं नाही. माणूस गोलात उभा राहिला की आपोआप भिंतीच्या तालावर श्वास घ्यायला लागायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, भिंत माझं ऐकते. एका समीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला ऐकून घेतलं, असं ते म्हणाले. त्यांची बायको शेजारीच उभी होती, तिने फक्त पर्सची चेन लावली. हिला हसू आवरेना. जग मूर्ख आहे हे तिला आधीच माहीत होतं, आता त्याला तिकीट लावता येत होतं.

सगळा खर्च हवा शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचा होता. त्या कंपनीचे साहेब दुपारी प्रदर्शन बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला, की श्वासघर आणखी कितीतरी शहरांत जाणार होतं आणि सगळीकडची सूत्रं हिच्या हातात येणार होती. नेमकी त्याच दुपारी वहिनी आईला घेऊन दारात उभी. "मला सुट्टी आजच आहे," वहिनी म्हणाली, म्हणजे विषय संपला.

आईचा दमा जुना. जिना चढताना ती मधेच थांबून कठड्याच्या लाकडाचं कौतुक करायची, तेवढंच थांबायला निमित्त. आत आल्या आल्या ती म्हणाली, "मला त्या गोलात उभं राहायचंय. भिंत माझ्या श्वासावर चालणार ना?"

"हो," ती म्हणाली. साहेब आणि महाराज हाताच्या अंतरावर होते, दुसरं काय म्हणणार?

आई गोलात जाऊन उभी राहिली. भिंत महाराजांच्या फुफ्फुसांनी फुगू लागली. आईने श्वास ओढला. भिंत फुगतच राहिली आणि आईचा श्वास अर्ध्यात तुटला. परीक्षेत उत्तर चुकल्यासारखी ती ओशाळली. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. खांदे कानांपर्यंत चढले, छातीत शिट्टी वाजू लागली. उजेडच निळा होता, त्यामुळे तिच्या ओठांचा रंग कळायला मार्ग नव्हता. वहिनी मोबाइलवर शूटिंग करत होती.

"बघा," महाराज साहेबांना सांगत होते, "या बाईंचं स्वतःच्या श्वासाशी भांडण चाललंय. भिंत फक्त आरसा दाखवते." साहेबांनी मान डोलावली.

ती पुढे गेली. "आई, पुरे. चल, बाहेर बस जरा."

"थांब गं. मलाच जमत नाहीये. एकदा तरी नीट होऊ दे."

"आधी पंप घे."

"सगळ्यांसमोर नको. तुझे साहेब आहेत."

ओढून नेलं असतं, तर आईने हात झटकला असता. प्रयोग बंद करा म्हणून ओरडली असती, तर साहेबांनी कारण विचारलं असतं. तिला आधी आईचा राग आला, मग महाराजांचा, आणि मग स्वतःचा इतका आला की पुढचा विचार करायला ती थांबली नाही. प्लायवूडच्या पार्टिशनमागे कॉम्प्युटरवाला बसला होता, तिथे ती घुसली.

"ऊठ."

"मॅडम, साहेब आत आहेत."

"ऊठ म्हणते ना."

तिने महाराजांचा श्वास बंद केला. तालमीच्या वेळी उजेड हाताने कमीजास्त करायला एक गोल बटण होतं, ते धरलं. समोरच्या पडद्यावर कॅमेऱ्यातून आई दिसत होती. आईचे खांदे वर गेले, तिने बटण फिरवलं. खांदे अडकले, तिने थांबवलं. इतकी वर्षं एका घरात राहून तिने हा श्वास कधी पाहिलाच नव्हता. आवाज आला की खोलीचं दार लोटून घ्यायची. आता दिसत होतं: एक घाईचा घोट, मग अडखळ, मग बारीक, लांब, कष्टाने सोडलेली हवा. पडद्यावरून नजर काढून चालणार नव्हतं.

बाहेर साहेबांचा आवाज आला. "हे काय? भिंत धापा टाकतेय." भिंतीच्या डोक्यावर कंपनीचं नाव होतं, शुद्ध हवेच्या वचनासकट. लगेच महाराजांनी पार्टिशन ठोठावलं. "काय चाललंय आत? बिघडलंय का?" ती बटण फिरवतच राहिली.

पडद्यावर आई भिंतीकडे बघत राहिली. मग हसली. खांदे जरा खाली आले. तिने सगळ्यांसमोर पिशवीतून पंप काढून घेतला. हळूहळू श्वास लांबला, तशी भिंतही लांबली.

ती बाहेर आली तेव्हा वहिनीने आईला खुर्चीवर बसवलं होतं. साहेब, महाराज सगळे भोवती.

"जमलं की मला," आई म्हणाली. "पण आधी का नाही ऐकलं गं भिंतीने माझं?"

महाराजांनी डोळे मिटले. "त्याचं असं आहे आजी—"

"त्याचं काही असं नाही," ती म्हणाली. "ती कुणाचंच ऐकत नव्हती, आई. यांचा श्वास भरून ठेवलाय आत, तोच फिरतो दिवसभर. मीच भरला. रोज फसवतो आम्ही सगळ्यांना. आता शेवटी चालली ती मी हाताने चालवत होते."

साहेबांनी महाराजांकडे पाहिलं, महाराजांनी छताकडे. सगळी शहरं हिच्या डोळ्यांदेखत हातची गेली. आता आई काय म्हणेल, एवढीच तिला धास्ती होती.

आईने हिचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, यंत्रालासुद्धा सापडू नये इतकाच उरलाय माझा श्वास."