सेन्सर दोन सापडला नाही

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शीतगृहांवर देखरेख ठेवणारे छोटे संगणक ही कंपनी बनवायची, आणि त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगमध्ये उमटणारा प्रत्येक संदेश तिच्या नजरेखालून जायचा. ‘काहीतरी चुकले’ असं कुणी लिहिलं की ती परत पाठवायची. काय अपेक्षित होतं, काय आढळलं आणि वाचणाऱ्याने आता काय करायचं, एवढं तरी लिहा, हा तिचा आग्रह. फर्मवेअरबद्दल तर ती फारच कडक होती. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, चिपमध्येच भरलेला तो प्रोग्राम. दोष त्याचा असेल तर संदेशाची सुरुवात ‘फर्मवेअरची चूक’ या शब्दांनीच झाली पाहिजे. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं ती नव्या लोकांना सांगायची.

हा नियम तिने एकदाच मोडला होता. ते फर्मवेअर त्याच कंपनीत असलेल्या भावोजींनी लिहिलं होतं.

ती ताईकडेच राहायची. भावोजींनी फर्मवेअरच्या तक्त्यात तापमान मोजणाऱ्या दोन सेन्सरना चुकून एकच क्रमांक दिला होता, त्यामुळे सिस्टिमला दुसरा सेन्सर दिसायचाच नाही. तिला ते सापडलं, आणि ऑफिसात बोलण्याआधी तिने ते घरी, जेवणाच्या टेबलाशी सांगितलं. भावोजींच्या बढतीचं घाटत होतं.

“मेहुणीबाई, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतोच आहे मी,” ते म्हणाले. “तोवर प्रत्येक यंत्राच्या कपाळावर माझी चूक कशाला गोंदवतेस?”

ताई वाटाणे सोलत होती. एक भरली शेंग उकलून तिने दाणे बहिणीच्या तळहातावर ठेवले फक्त.

दुसऱ्या दिवशी तिने संदेश लिहिला: ‘सेन्सर दोन सापडला नाही.’ त्यात खोटं काही नव्हतं. स्वतःची समजूत घालायला तिने हेच कारण वापरलं.

भावोजींनी शब्द पाळला. नव्या आवृत्तीत तक्ता दुरुस्त झाला, बढतीही मिळाली. पण आधी विकलेल्या यंत्रांत जुनंच फर्मवेअर होतं, आणि ते बदलायला हवं हे त्या संदेशावरून कुणालाही कळण्यासारखं नव्हतं.

मग एका औषधांच्या शीतगृहातून तिथल्या मेकॅनिकचा फोन आला. आवाजावरून साठीचा असावा. लोक फोन करतात ते भांडायला. हा माणूस माफी मागत होता. सेन्सर बदलला, वायर नवी ओढली, जोड पुन्हा पुन्हा सोल्डरचा डाख देऊन पक्के केले, तरी संदेश तोच, असं त्याने सांगितलं. आता महिनाअखेर तो काम सोडणार होता. मालकाने काढलं नव्हतं, त्याने स्वतःच सांगितलं होतं. नव्या माणसाला नीट समजावून द्या, एवढंच त्याचं मागणं.

“काका, काम का सोडताय?”

“मॅडम, मशीन कशाला खोटं बोलेल? जोड माझेच कच्चे राहतायत. हात थरथरत असणार.”

“थरथरतात?”

“मला दिसत नाही. पण थरथरत असणारच. हल्ली घरी हिने चहाचा कपही अर्धाच भरायला घेतलाय.”

थोड्या वेळात फोन करते, असं म्हणून तिने तो ठेवला. वाटाण्यांचे दाणे अजून मुठीत असावेत तशी तिची मूठ आवळली गेली होती. ती भावोजींच्या टेबलाशी गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

भावोजींनी चष्मा काढून पुसला. नवं फर्मवेअर आजच पाठवून दे, ते म्हणाले, सेन्सर दिसेल, प्रश्न मिटेल, कारण सांगत बसायची गरज नाही.

“मग त्यांना वाटेल, शेवटचा जोड तेवढा नशिबाने जमला,” ती म्हणाली. “काम ते सोडतीलच.”

भावोजींनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. “ताईला काय सांगशील?”

“तेच. आज रात्री.”

ती जागेवर आली आणि संदेश बदलला. ‘फर्मवेअरची चूक: सेन्सर एक आणि दोन यांना एकच क्रमांक दिला आहे. सेन्सर व वायरिंग ठीक असू शकते. फर्मवेअर बदला.’ तो तपासायला भावोजींकडेच जायचा होता. बराच वेळ काही हललं नाही. मग एका शब्दाचीही दुरुस्ती न सुचवता तो मंजूर होऊन आला.

तिने मेकॅनिकला फोन लावला. तोवर तो घरी पोहोचला होता. चूक आमच्या प्रोग्रामची आहे, तुमचा पहिला जोडही चांगलाच असणार, असं तिने सांगितलं.

“म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही?”

“या बिघाडात तुमच्या हाताचा काही संबंध नाही, काका.”

“हे तुम्हाला आज कळलं?”

‘आज’ म्हटलं असतं तर त्याने लगेच मानलं असतं. तो मशीनचं ऐकणारा माणूस होता, तिचंही ऐकलं असतं.

“नाही. पहिल्यापासून माहीत होतं. घरच्या माणसाची चूक होती, म्हणून मी संदेशात लिहिलं नाही.”

तो रागावेल म्हणून ती थांबली. तो रागावला नाही. थांबा, हिला बोलावतो, असं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं.

“मॅडम, आत्ता मला जे सांगितलंत ते हिलाही सांगा. माझ्या तोंडून तिला पटायचं नाही.”

तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सेन्सर, क्रमांक, संदेश. मध्येच बाईंनी तिला थांबवलं.

“ते यंत्राचं राहू दे, बाळा. तू काय केलंस ते आधी सांग.”

तिने ते आधी सांगितलं.