मुकी केलेली गाडी

गाडीचे दोष वाचणारा स्कॅनर लागेना. मीटरवालीने तो उपसून काढला, पिनांवर फुंकर मारली आणि पुन्हा स्टिअरिंगखालच्या पोर्टात खुपसला. स्क्रीन काळी ती काळीच.

"वहिनी, तुझ्या यंत्राने मान टाकली," नणंद म्हणाली. गॅरेजातल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर ती मांडी ठोकून बसली होती. "मला फक्त एवढं सांग, हा इंजिनाचा पिवळा दिवा कशासाठी लागलाय? उद्या सकाळी पोरांना घेऊन डोंगर चढायचाय मला. मध्येच गाडीने राम म्हटला तर माझा नवरा मला जन्मभर ऐकवेल."

"ऐकवू देत. तुम्ही कमी ऐकवता का त्यांना?"

"तेही खरंच."

मीटरवाली म्हणजे या घरची सून. मुलगा डेंटिंग-पेंटिंगला, सून वायरिंगला, इंजिनं आणि मालकी सासऱ्यांकडे, असा कारभार होता. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नसलं तरी मीटर असतो, असं सासरे गिऱ्हाइकांना सांगत आणि स्वतःच खो खो हसत. करंट तपासायचा तो मीटर धरायला त्यांनीच शिकवलं होतं तिला. ते गुरू होते, हे ती अगदी त्या दुपारपर्यंत छातीठोक सांगत असे.

स्कॅनर मेला की गाडी, हे आधी बघायला हवं. बाहेर एका गिऱ्हाइकाची गाडी उभी होती. तिला लावला तर भडाभडा बोलायला लागला. म्हणजे दोष नणंदेच्या गाडीत.

"ताई, यात मोबाइल चार्ज होतो?"

"नाही ना! कधीपासून सांगत्ये दादाला. तो 'बघू' म्हणतो. त्याचं 'बघू' म्हणजे पुढच्या जन्मी."

मग बरोबर. चार्जिंगचं सॉकेट आणि हे पोर्ट एकाच फ्यूजवर चालतात. तिने फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार जळालेली. नवा घातला, स्कॅनर उजळला, आणि नणंदेने टाळी वाजवली. टाळी फुकट गेली. स्क्रीनवर आलं, गाडीशी संपर्क नाही.

"आता गं?"

"आता याला जेवण मिळालंय, पण वाचा नाही."

चावी फिरवलेली होती. बॅटरी ठणठणीत. पोर्टात करंट येत होता, अर्थिंगही मिळत होतं. राहिल्या दोन वायरी. त्यांच्यावरूनच गाडीचा कॉम्प्युटर स्कॅनरशी बोलतो. त्या दोन पिनांना तिने मीटर लावला. काही म्हणजे काही नाही. नळ सोडावा आणि मागे पाइपच नसावा, तसं.

अशा वेळी लोक स्कॅनरला शिव्या देतात, पोर्ट बदलतात, गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. ती पाठीवर झोपली, डोकं पेडलांपाशी घातलं आणि खालचं कव्हर उतरवलं.

वायरी कुरतडलेल्या नव्हत्या. कापलेल्या होत्या. स्वच्छ, एका फटक्यात. प्रत्येक टोक स्वतःवर उलटं दुमडलेलं आणि वर काळी नळी चढवलेली. असं काम या गॅरेजात एकच माणूस करतो. "टोक दुमडायचं, म्हणजे कुठे टेकून ठिणगी पडत नाही," असं म्हणत त्यांनी तिचा हात हातात धरून तिला ते शिकवलं होतं.

ती तशीच पडून राहिली. पाठीखालची फरशी गार होती.

"झोपलीस का गं?" नणंदेने विचारलं.

गाडी मुकी करतात ती काहीतरी लपवायला, आणि ठोकलेल्या गाडीत सगळ्यात आधी लपवतात ती फुटलेली एअरबॅग. ती उठली. बॅटरीची वायर सोडली, जरा वेळ जाऊ दिला आणि स्टिअरिंगच्या मधलं झाकण उचकटलं. आत एअरबॅग नव्हती. बॅगच्या जागी स्पंजचा तुकडा कोंबला होता, खडखडू नये म्हणून. मग तिने शेजारच्या सीटसमोरचं झाकण काढलं. तिथे स्पंजसुद्धा नव्हता. मग मीटरच्या पॅनेलमागे हात घातला. एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली. चावी फिरवली की दोन्ही लागणार, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझणार. बघणाऱ्याला वाटावं, सगळं आलबेल आहे.

"बाबा!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यांवर ओरडली होती.

सासरे मागच्या शेडमधून हात पुसत आले. त्या शेडमध्ये विकायच्या गाड्या असत आणि तिथे सुनेला काम नसे. आजवर तिला वाटायचं, तेवढेच आपले कष्ट वाचतात. त्यांच्यामागून तिचा नवरा आला, कोपरापर्यंत रंगाने माखलेला.

सासऱ्यांनी उघडं स्टिअरिंग पाहिलं. त्यांचा रंग असा उतरला की नणंद खुर्चीवरून उठलीच.

"ही ती नाही," ते म्हणाले. "ही ती गाडीच नाही."

"ती म्हणजे कोणती?" मीटरवालीने विचारलं.

त्यांनी सुनेकडे पाहिलंही नाही. मुलाकडे वळले. "मी तुला काय सांगितलं होतं? डावीकडची ताईला द्यायची. डावीकडची!"

"डावीकडचीच दिली," नवरा म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू लांबला. "पण रंग मारताना जागा पुरेना म्हणून मी दोन्ही गाड्या हलवल्या होत्या. परत लावताना..."

पुढचं त्याला बोलायची गरज पडली नाही. दोन गाड्या आल्या होत्या, एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या, दोन्ही ठोकलेल्या. एक पुढून, बॅगा फुटलेली. एक मागून, बॅगा शाबूत. पहिली विकायची, दुसरी लेकीला द्यायची. डॅशबोर्ड दोन्हींना एकसारखे घातले, रंग एकसारखा मारला आणि तोंडंही दोघींची बंद केली.

"चांगलीचं तोंड कशाला बंद केलंत?" मीटरवालीने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

"सगळ्यांचंच करतो. एकीचं चालू, एकीचं बंद ठेवलं तर लोक विचारतात. सगळीच बंद असली की म्हणायचं, या मॉडेलचं पोर्ट असंच असतं."

हे ते चहात साखर किती घालतो हे सांगावं तसं सांगत होते. सगळ्यांचंच. लोकांनी विचारू नये म्हणून गाड्या मुक्या केल्या, आणि स्वतःच्या लेकीला गाडी द्यायची वेळ आली तेव्हा ती गाडी यांच्याशीही बोलली नाही. साधा स्कॅनर लावला असता तर कळलं असतं. लावणार कुठे?

तिला वाटलं, आता हा माणूस डोकं धरून खाली बसेल. सासऱ्यांनी खिशातून मोबाइल काढून टेलरला लावला; दुसरी गाडी त्यालाच विकली होती.

"हॅलो, टेलर? उस्ताद बोलतोय. काय म्हणतेय गाडी? छान. अहो, तुमची सर्व्हिसिंग करून टाकू म्हटलं. फुकट हो! आपल्या माणसाकडून काय घ्यायचं? आत्ताच आणा. दुकानातच आहात ना? मग झालं तर."

फोन ठेवला आणि सुनेला म्हणाले, "त्याच्या गाडीतल्या दोन्ही बॅगा काढ. हिच्यात बसव. त्याच्यात स्पंज भर. संध्याकाळपर्यंत होईल."

मीटरवालीने हातातला पेचकस खाली ठेवला. मागे कंप्रेसर घरघरत होता.

"बाबा, त्याच्या घरात माणसं आहेत," ती म्हणाली.

"माझ्याही घरात आहेत. आणि त्याला बिनबॅगांचीच गाडी जायची होती. आपल्या चुकीने त्याचा फायदा झाला, तो परत घ्यायचा. यात कुणाचं काय लुटलं?"

ती नवऱ्याकडे वळली. तो हातावरचा रंग नखाने खरवडत होता. "आधी ताईचं निस्तरू," तो पुटपुटला. "मग बघू."

ती नणंदेकडे वळली. ही बाई रस्त्यात कुत्रं आडवं आलं तरी गाडी थांबवून त्याची चौकशी करते. ही तरी बापाच्या अंगावर धावून जाईल. नणंदेच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नजर उघड्या स्टिअरिंगमधल्या त्या स्पंजवर खिळली होती.

"वहिनी," ती अगदी हळू म्हणाली, "माझी दोन पोरं बसतात गं या गाडीत."

"म्हणूनच म्हणत्ये, ही गाडी उद्या कुठेही जाणार नाही."

"बॅगा बसवल्या की जाईल ना?"

एवढंच म्हणाली. चांगली बाई होती. इतक्या चांगल्या बाईला इतकं वाईट बोलायला एक चहा थंड होईल एवढाही वेळ लागला नाही.

मीटरवालीने गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. पाठीमागे सासरे म्हणत होते, "अगं, जातेस कुठे? पाना घे." ती फाटकापाशी गेली.

टेलरचं दुकान मागच्याच गल्लीत होतं. तो आलाही. गाडी अशी चकचकीत पुसलेली की तिच्यात फाटकाचे गज दिसत होते. शेजारच्या सीटवर त्याची आई बसली होती, मांडीवर पिशवी, पट्टा नीट लावलेला. त्याने काच खाली केली.

"काय वहिनी, आज खुद्द स्वागताला? उस्तादांनी फुकट म्हटलंय हां, नंतर बिल नका हातात ठेवू! तासाभरात होईल ना? आईचे डोळे दाखवायचेत."

"आत आणू नका."

"का? जागा नाही?"

"गाडी मागे घ्या आणि घरी जा. तुमच्या गाडीतल्या एअरबॅगा काढून घ्यायला तुम्हाला बोलावलंय."

टेलर हसला. गॅरेजवाल्यांची थट्टा अशीच असते. मग त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. अगदी त्याच्याच गाडीसारखी गाडी आत उभी होती, तोंड उचकटलेली. शेजारी उस्तादांची लेक रडत होती. उस्ताद हातात पाना घेऊन उभे होते. त्याचं हसू ओठांवरच राहिलं, बाकीचा चेहरा बदलला.

"एक मिनिट," तो म्हणाला. मापं घेणारा माणूस तो. दोन गाड्या, एक लेक, एक गिऱ्हाईक, त्याने बरोबर लावून पाहिलं. "म्हणजे माझ्या गाडीत त्या नसायच्या होत्या?"

"या, या टेलर!" मागून सासऱ्यांनी हाक मारली. नेहमीची, मोठ्या गळ्याची, गिऱ्हाईक आत ओढणारी. "बाहेर काय उभे? चहा घेऊ!"

टेलरची आई वाकून, चष्म्याच्या वरून सुनेकडे बघत होती. तिला काही समजलं नव्हतं आणि तरी तिने मुलाचं मनगट पकडलं होतं.

मीटरवालीने दोन्ही हातांनी फाटक ओढून लावलं, स्वतः बाहेर राहून.

"नाही," ती म्हणाली. "नसायच्या होत्या."