मधली भिंत

"सिस्टर, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता," लॅपटॉपवरून नजर न काढता बिल्डरकडून आलेली उन्नती म्हणाली.

"तळमजल्यावर राहते गं. पंचवीस वर्षं झाली. आत्ता तिथलंच कुलूप लावून आले."

"कागदावर तुमचा फ्लॅट तीनशे दोन आहे. आणि खालच्या दोन नंबरला शौकत म्हणून कुणी आहेत."

संघप्रियाने कपाळावर हात मारला. नेरूळमधली त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधायची, म्हणून दोन वर्षं सोसायटीच्या मीटिंगा चालल्या होत्या. पार्किंगवरून भांडणं झाली, लिफ्टवरून झाली, नव्या इमारतीच्या नावावरून तर दोघे सख्खे शेजारी अजून एकमेकांशी बोलत नव्हते. एवढा सगळा खल करून झाला, पण ही गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. सगळ्यांना माहीत होती ना, म्हणूनच.

घडलं होतं ते साधंच. सासऱ्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तिचा नवरा जयप्रकाश त्यांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरवायचा, चढवायचा. तळमजल्यावरच्या शौकतभाईंनी आठवडाभर ते पाहिलं आणि एका रविवारी दार वाजवलं. "चाचांना खाली आना. आमी वर जातो." त्यांचं घर एक खोली आणि स्वयंपाकघर, यांचं वन बीएचके. त्यांची चार मुलं, यांची एक. दुपारपर्यंत दोन्ही घरांची कपाटं जिन्यात अडकली, निघाली, संध्याकाळी मेहरुन्निसाभाभींनी सगळ्यांना खिमा-पाव वाढला आणि अदलाबदल झाली. कागद करायचा कुणाला सुचलं नाही. तेव्हापासून संघप्रिया शौकतभाईंच्या नावाचं लाइट बिल भरत होती आणि मेहरुन्निसा जयप्रकाशच्या नावाचं. पुढे सासरे गेले, शौकतभाई गेले, जयप्रकाशही गेला. बिलांवरची नावं मात्र तशीच येत राहिली.

"म्हणजे नियमाप्रमाणे जुन्या वन बीएचकेच्या बदल्यात नवं टू बीएचके, ते तुम्हाला मिळणार," उन्नती म्हणाली. "वरच्यांना वन. शनिवारी दोघांच्या सह्या लागतील."

मैत्रीला हे कळलं तेव्हा ती महाप्याहून नुकतीच ऑफिसमधून आली होती. सव्वीस वर्षांची मुलगी, अजून आईच्या शेजारी गादी टाकून झोपायची आणि ऑफिसचे कॉल मोरीजवळ उभी राहून घ्यायची.

"आई, यात एवढा काय विचार करतेस? कागद आपला आहे."

"राहत ते होते ना."

"तेच तर! आपल्या मोठ्या घरात ते इतकी वर्षं राहिले. मला एक खोली नको? तुला नको?"

खोली संघप्रियालाही हवी होती. वॉर्डात चोवीस पेशंट, घरी एकच खोली. पायाला सूज घेऊन आल्यावर जिथे कुणी 'सिस्टर' अशी हाक मारणार नाही अशी चार भिंतींची जागा तिला फार वर्षांपासून हवी होती. कागद पुढे करायचा की नाही एवढाच प्रश्न होता, आणि कागद पुढे केला तर कायदा तिच्या बाजूने होता. या विचाराने तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरुन्निसाभाभी गुडघे धरत तीन जिने उतरून आल्या. आल्या त्या उंबऱ्यातच बसल्या.

"भाभी, आत या ना."

"हितंच बरं हाय. सिस्टर, मुझम्मिल बोलला मला सगळं. पोराला टेन्शन आलंय. त्याची बायको, दोन पोरं, मी. पन मी त्याला सांगितलं, कागद त्यांचा हाय."

"भाभी, अजून काही ठरलं नाहीये."

"ठरलंय. मोठ्या घरात आमी राहिलो, तुमी नाय. तुमच्या सासऱ्यासाठी आमी वर गेलो, असं लोक बोलतात. खरं सांगू? मला वरचं घर आवडलं होतं. मोठं होतं ना. चाचांचं नाव पुढं झालं इतकंच." त्या थोडं हसल्या. "आता तुमची पाळी."

भांडायला आल्या असत्या तर संघप्रियाला सोपं गेलं असतं. तिने चहा टाकला, पण साखर दोनदा घातली. भाभींनी तो तसाच प्यायला.

त्या दिवशी हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात खाटा कमी पडल्या. शेजारच्या वॉर्डात मात्र पेशंट निम्मेच होते. संघप्रियाने नेहमीप्रमाणे वॉर्डबॉयला हाक मारली, दोन्ही वॉर्डांमधलं लाकडी पार्टिशन चार हात पलीकडे सरकवायला लावलं आणि खाटा आत घेतल्या. शेवटची चादर ओढता ओढता तिचा हात थांबला, आणि ती एकटीच मोठ्याने "अगं बाई" म्हणाली.

शनिवारी ती भाभींना हाताला धरूनच सोसायटीच्या ऑफिसात घेऊन गेली. मैत्रीही आली होती, तोंड फुगवून.

"उन्नती, तुमचे नकाशे अजून मंजुरीला गेले नाहीत ना?"

"पुढच्या आठवड्यात जातील."

"मग आम्हा दोघींना शेजारशेजारचे फ्लॅट द्या. तुमचं टू आणि वन मिळून जी जागा होते, तीच ठेवा. फक्त मधली भिंत सरकवा. ज्याला जेवढी लागते तेवढी."

उन्नतीने पहिल्यांदाच लॅपटॉप बंद केला. "असं कुणी मागितलं नाही अजून. दोघींना लेखी द्यावं लागेल. आर्किटेक्टना विचारते." ती फोन घेऊन बाहेर गेली. पंधरा मिनिटांनी आली तेव्हा तिच्या हातात दोन फ्लॅटचा मोठा नकाशा होता. "कॉलम सोडून बाकी भिंत हलवता येईल म्हणतात. अंदाजे कुठे हवी ते पेन्सिलीने दाखवा. पण दोन्ही घरात एक-एक जादा खोली बसेल एवढीच. लहान असेल."

"दार असेल ना तिला?" मैत्रीने विचारलं. तिचा फुगा जरा उतरला होता.

"असेल की."

पेन्सिल आधी भाभींकडे गेली. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, बराच वेळ नकाशा पाहिला आणि आपल्या घराच्या अगदी आतून रेघ ओढली. संघप्रियाच्या बाजूला जवळजवळ अख्खं टू बीएचके राहिलं.

"भाभी, हे काय?" संघप्रियाने खोडरबर मागून घेतला, ती रेघ पुसली आणि आपल्या घरातून दुसरी ओढली.

भाभींनी तिच्या हातातून खोडरबर काढून घेतला.

"अहो, कागद फाटेल," उन्नती म्हणाली. तेव्हा मैत्रीने तिला हळूच सांगितलं, "दुसरी प्रिंट काढून ठेवा. यांचं आज होणार नाही."