तिसऱ्यांदा दार

डिसेंबरचा सूर्य, नुसता नावाचा सूर्य. शिळ्या भाकरीसारखा पांढुरका, पोलाद-कारखान्याच्या धुराड्यांआड टेकलेला. सांज हिमशुभ्र, निष्ठुरशुभ्र; आणि त्या शुभ्रतेवर माणसांची एक सावळी, दीपहस्त रांग.

रांगेच्या अग्रभागी म्हातारी रेफूहियो. नावाचा अर्थच निवारा, आणि आज निवाऱ्यालाच कुलूप लागायचं होतं. चर्चच्या तळघरातलं केंद्र, मेक्सिकोहून आलेल्यांचं ‘सेंत्रो’, आजपासून बंद. माणसं घटली, असं नवे फादर म्हणाले होते. घटतील कशाला, तिनं सुनावलं होतं, तुम्ही डोकी मोजता तेव्हा ती भट्टीपाशी घाम गाळत असतात.

हे तळघर कुणी भीक म्हणून घातलं नव्हतं. गाऊन घेतलं होतं.

तेव्हा तिच्या केसांत काळोख होता, ओठांत दक्षिणेचं ऊन होतं. वर चर्चमधले बाक गोऱ्यांचे, हे मेक्सिकोवाले मागे उभे, भिंतीला टेकलेले, अनाहूत. मग त्या नाताळात त्यांनी आपली ‘पोसादा’ काढली. गर्भभारानं वाकलेली मरिया आणि थकलेला योसेफ दारोदार निवारा मागत हिंडले, ते गाऊन जागवायचं. रीत अशी, की आतल्यांनी दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा दार उघडायचं.

तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांना ना भाषा कळे, ना रीत. बर्फात कुडकुडणारी लेकुरं पाहून पहिल्याच ओळीला धावत आले, तळघराचं दार सताड उघडलं. रेफूहियोनं ते त्यांच्या तोंडावर ओढून घेतलं. आधी नाही म्हणा, तिनं खुणेनं दटावलं. दयेचं दार आम्हांला नको, रीतीचं हवं. बिचारे दाराआडून दोनदा नाही म्हणाले, हसत हसत. मग उघडलं.

त्या दारातून काय काय उतरलं! मक्याच्या पिठाची शुभ्र-उष्ण वाफ. बाप्तिस्म्याच्या झालरी, मयताची काळी वस्त्रं. संपातल्या उपाशी घरांसाठी रटरटणारी पातेली. परक्या भाषेशी झुंजणाऱ्या अडखळत्या जिभा. सगळं उतरलं, सगळं रुजलं.

आज त्याच दारावर तिची काठी आदळली. गाणं उठलं, धुक्यासारखं, मग धगीसारखं.

आत खोकी बांधणारे नवे फादर दाराशी आले. निर्णय झालाय, दाराआडूनच म्हणाले. नाही.

गाणं थांबलं नाही. काठी पुन्हा आदळली.

“रेफूहियोबाई, मी नाही म्हटलं ना?”

“म्हटलंत की. दोनदा म्हटलंत,” ती म्हणाली. “तुमचा हक्क तेवढाच, फादर. आता रीत आमची.”

तिसरं कडवं उठलं. हिम झरत राहिलं, मेण ओघळत राहिलं, पाऊल एकही हललं नाही. मग कडीचा एक हलका, नाखूश खणखणाट; आणि दाराच्या फटीतून उजेडाची एक सोनसळी रेघ हिमावर आली, थरथरली, रुंदावत गेली.