लाल तोंडाच्या पाखराची नजर

इटलीतल्या शिएना गावात मारियामातेचं चित्र काढायचं, तर बाळ येशूच्या मुठीत लाल तोंडाचं चिमुकलं पाखरू हवंच. पुढे क्रूसावर येशूच्या कपाळात रुतलेला काटा या पाखरानं चोचीनं उपसला, ते रक्त अजून त्याच्या तोंडावर आहे म्हणतात. मेओ चिताऱ्यानं अशी पाखरं इतकी रंगवली होती, की ती खरी असती तर घरातलं धान्य दोन दिवस पुरलं नसतं.

या खेपेला बाळ म्हणून त्याचा स्वतःचा मुलगा नुच्चो बसला. त्याबद्दल अंजीर मागायचा आणि ते तोंडात असतानाच झोपायचा. चित्रात पाखराचं डोकं तेवढं रंगवायचं राहिलं होतं, आणि नुच्चो तापानं पडला.

वैद्य येऊन मान हलवून गेला. मग मेओची बायको तेस्सा शेजारून जिवंत पाखराचा पिंजरा घेऊन आली. गावची समजूत अशी, की पाखरानं आजाऱ्याकडे पाहिलं तर तो उठतो. तोंड फिरवलं तर पाद्र्याला बोलवायचं.

पाखरानं खिडकीकडे पाहिलं.

"पिंजराच वाकडा ठेवलायस," म्हणत मेओनं तो फिरवला. पाखरूही फिरलं. तेस्सा पाणी आणायला गेली, तेव्हा त्यानं उशीवर, नुच्चोच्या कानाशी, चिमूटभर दाणे ठेवले.

"तेस्सा, ये, बघ. बघतंय."

ती वाकली. "अहो, ते दाण्यांकडं बघतंय."

"बघतंय ना? कशाकडं ते देवानं विचारलं तर मी सांगीन काहीतरी."

तिनं दाणे उचलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी नुच्चो गेला. दाणे तसेच होते.

महिन्याभरानं पाद्रीबाबा चित्र बघायला आले. "मेओ, पाखरू सरळ बाळाच्या तोंडाकडं बघतंय. या बाळाला पुढं क्रूसावर जायचंय बाबा. पाखरानं तोंड फिरवायला हवं."

"मान आखडली असेल त्याची," मेओ म्हणाला. "मी नाही फिरवणार."

पाद्रीबाबांनी तेस्साकडे पाहिलं आणि विषय सोडला.

ते गेल्यावर ती चित्रापुढे येऊन उभी राहिली. बाळाच्या गालाशी वाकून तिनं बराच वेळ निरखलं.

"दाणे कुठं ठेवलेत?"

"या वेळी नाही ठेवले," मेओ म्हणाला.