रिकाम्या हाताने वर यायचं नाही

ईस्टरच्या जेवणाला बाबांनी आर्गिरिसला बोलावलं, ते काही प्रेमापोटी नाही. त्यांना त्याचा चारचौघांत पाणउतारा करायचा होता, आणि ईस्टरला आमच्या अंगणात निम्मं इद्रा बेट जेवायला असतं.

बाबा म्हणजे कापेतान गिकास, स्पंज काढणाऱ्या गलबताचे मालक. मिशा अशा, की दोन्ही टोकांना कंदील टांगावेत. कमरेला जुन्या वळणाची काळी घोळदार विजार, जिच्यात अख्खं बकरू लपवता येईल. बेटावरच्या तरुणांनी केव्हाच विजारी टाकल्या होत्या, पण बाबा छाती काढून सांगायचे, "उभा जन्म समुद्रावर गेला माझा, पण या विजारीला अजून पाणी लागलेलं नाही."

आणि आर्गिरिस म्हणजे माझा... तेव्हा माझा कोणीच नव्हता तो. जुन्या रीतीचा पाणबुड्या. सपाट संगमरवरी दगड पोटाशी धरायचा, डोकं खाली घालून तळ गाठायचा, दम असेतो स्पंज कापायचे आणि दोराला हिसका द्यायचा, की वरचा माणूस ओढून घेतो. बाबांच्या गलबतावर मात्र मशीन होती. रबरी पोशाख, पितळेचं डोकं, आणि वरून पंपाने हवा. मशीनवाला खाली आरामात फिरून टोपल्या भरतो, दगडवाला मूठभर आणतो. फक्त मशीनवाल्यांतले कितीतरी हिवाळ्यात घरी यायचे ते काठी टेकत. कंबरेखालचं सगळं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ठेवून. पंपाच्या हवेवर फार वेळ खोल राहिलं, की पाय लुळे पडायचे. धक्क्यावर उन्हाला अशी तरणीताठी माणसं बसलेली असायची. त्यांच्याकडे बघून मला रडू येत नसे, संताप येई.

मी बाबांना बजावलं होतं, मशीन चढवणाऱ्याशी मी लग्न करणार नाही. बाबांनी मला बजावलं होतं, मशीन न चढवणाऱ्याला मी पोरगी देणार नाही.

"एका गोठ्यात दोन गाढवं," माझी मारिगो आत्या म्हणायची, "आणि लाथा मात्र मला."

तर जेवण झालं, लाल अंड्यांची टोपली फिरली. आमच्याकडे अंड्यावर अंडं आपटतात, ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं. बाबांचं अंडं कधीच फुटत नसे. ते लाकडी आहे असा आत्याला दाट संशय होता. त्यांनी आर्गिरिसचं अंडं एका ठोक्यात फोडलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"काय रे बुचा," बाबा म्हणाले, "ऐकलं ते खरं का? अथेन्सजवळ फालिरोच्या समुद्रात मनोरा बांधलाय, देशोदेशीचे लोक येऊन उड्या मारणार, आणि आपल्या बंदरातल्या साहेबाने तुझं नाव दिलंय?"

"दिलंय खरं, कापेतान."

"मग ऐक सगळ्यांच्या साक्षीने. तिथून रिकाम्या हाताने वर आलास, तर संत योर्गोसचा सण झाला की माझ्या गलबतावर चढायचं आणि पितळेचं डोकं घालायचं. गपगुमान. आणि नाही आलास रिकाम्या हाताने, तर ही माझी झांबेता तुझी, आणि जन्मभर तो दगड कुरवाळत बस."

बाबांना बक्षीस म्हणायचं होतं, हे अंगणातल्या कोंबड्यांनाही कळलं. पण स्पंजवाल्यांचं बोलणंच तसं. आमच्याकडे पोर पाण्यात पहिली बुडी मारतं तेव्हा त्याला सांगतात, पाण्यातून रिकाम्या हाताने वर येतं ते बूच, माणूस नव्हे.

आर्गिरिसने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. काय करणार होते?

फालिरोला आम्ही बाबांच्या होडीतूनच गेलो. मागे इद्राच्या आणखी होड्या, फुटाणे, संत्री, राकीच्या बाटल्या, एक बकरीसुद्धा होती, ती कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. किनाऱ्यावर अथेन्सचे लोक छत्र्या घेऊन बसलेले, बँड वाजतोय, झेंडे फडफडतायत. पाण्यात लाकडी मनोरा, तीन मजली, आणि प्रत्येकाच्या तीन उड्या. त्याच्यासमोर एक तराफा नांगरून ठेवलेला आणि तराफ्यावर खुर्च्या टाकून परीक्षक बसलेले. मुख्य परीक्षक अथेन्सचे, डोक्यावर उंच काळी टोपी.

आर्गिरिस दगड काखोटीला मारून मनोऱ्याच्या शिडीशी गेला.

"हे काय आहे?" काळ्या टोपीने विचारलं.

"दगड."

"तो दिसतोय. कशासाठी?"

"खाली जायला, साहेब."

"खाली आपोआपच जातं माणूस! दगड ठेवा तिथे."

ते ऐकून त्याचा चेहरा असा झाला, जणू भर बाजारात विजार उतरवायला सांगितली. लहानपणापासून त्याने दगडाशिवाय उडी मारलेली नव्हती. हात कुठे ठेवायचे हेच त्याला माहीत नव्हतं. त्याच्याआधी जर्मन उडाले, स्वीडनचे उडाले. काळे घट्ट कपडे, हात पाखरासारखे पसरलेले, पाण्यात शिरताना आवाजसुद्धा नाही. उडी मारली, वर आले, केस मागे सारले, टाळ्या.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "वर येताना आणलं काय?"

मग आमचा आर्गिरिस वर चढला. छातीवर क्रूसाची खूण केली. आणि दम भरायला लागला. स्पंजवाला दम भरतो म्हणजे लोहाराचा भाता चालतो. छत्रीवाल्या बायका खिदळायला लागल्या. शेवटी त्याने हात पोटाशी धरले, नसलेला दगड धरल्यासारखे, आणि सुळकन खाली. सुरेख सरळ उडी! परीक्षकांनी माना डोलावल्या, आणि केस मागे सारण्यासाठी तो वर यायची वाट बघू लागले.

तो येईना.

बँड थांबला. एका बाईने किंकाळी फोडली. काळ्या टोपीच्या तोंडचं पाणी पळालं. बचावाच्या दोन होड्या धावल्या, एका शिपायाने बूट काढले, दुसऱ्यानेही काढले आणि पहिल्याचे निघालेले बघून परत घातले. इद्राच्या होड्यांत मात्र फुटाणे चालू होते.

"मेला हो मेला तुमचा माणूस!" काळी टोपी आमच्याकडे बघून ओरडली.

"छे हो," आत्या म्हणाली. "आत्ताशी तर गेलाय. संत्रं खाणार का?"

तेवढ्यात तो पार दुसऱ्याच बाजूला वर आला. लालबुंद, हसतोय, आणि दंडाला चांगला गलेलठ्ठ ऑक्टोपस. इद्राच्या होड्यांतून असा जल्लोष उठला की बकरी घाबरून ओरडली.

"आपट त्याला खडकावर!" बाबा ओरडले. "आपटल्याशिवाय मऊ नाही होत!" आणि मग आपण कोणाच्या बाजूचे ते आठवून एकदम खाली बसले.

गुण अगदीच थोडे पडले. वर यायला इतका वेळ लावणं आणि ऑक्टोपस या दोन्ही गोष्टी नियमांत बसत नव्हत्या. मी होडी हाणत त्याच्याजवळ नेली.

"अरे मूर्खा, उडी मारायची नि लगेच वर यायचं! शर्यत तीच आहे!"

"माहितीय गं," तो म्हणाला. "ठरवून जातो मी. पण खाली गेल्यावर हात ऐकत नाहीत."

"मग हातांना सांग, पितळेचं डोकं घालायचंय का म्हणून."

तो हसायचा थांबला. दुसऱ्या उडीला त्याने दमसुद्धा थोडाच भरला. हवेत हात पसरले, स्वीडनवाल्यांचं बघून, थोडे वाकडे पण पसरले. मला वाटलं, जमलं! मी देव पाण्यात घालून बसले होते.

आणि मग तराफा हलायला लागला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक परीक्षक खुर्चीसकट घसरला. तराफा वळला, आणि परीक्षकांना, त्यांच्या कागदांना आणि उंच काळ्या टोपीला घेऊन वाऱ्यावर निवांत पिरेआस बंदराकडे निघाला. बँडवाल्यांना वाटलं समारंभाचाच भाग आहे, त्यांनी कूचाची धून वाजवली. आर्गिरिस वर आला, त्याच्या खांद्यावर तराफ्याचा नांगर.

"दोन खडकांत पार अडकला होता, साहेब," त्याने लांब जाणाऱ्या परीक्षकांना ओरडून सांगितलं. "सोडवला!"

अडकलेला नांगर दिसला की सोडवायचा, हा आमच्याकडचा धर्म आहे. पण अथेन्सच्या लोकांना धर्म कोण सांगणार? तराफा ओढून आणेपर्यंत स्वीडनचा एक दांडगा उडीवाला पाण्यात हसून हसून गटांगळ्या खायला लागला, त्याला होडीत घ्यावं लागलं. काळी टोपी परत आली ती टोपीविना. गुण शून्य.

आता शेवटची उडी, सगळ्यात वरून. गणित मलाही कळत होतं. देवदूत येऊन उडाला असता तरी बक्षीस गेलं होतं. आर्गिरिस शिडी चढत होता, आणि मला त्याचे पाय दिसत होते. धडधाकट, भराभर चढणारे पाय. धक्क्यावर उन्हाला बसलेली माणसं मला आठवली. माझ्या हातातले फुटाणे सांडले.

पण बाबांचं काय झालं होतं कोण जाणे. पैज जिंकायला आली होती त्यांची! आणि ते होडीच्या काठावर उभे राहून परीक्षकांना शिव्या घालत होते.

"शून्य? इद्राच्या माणसाला शून्य? नांगर काढून दिला तुमचा फुकटात! त्या पिवळ्या केसांच्या पोरांना सांगा, आणा म्हणावं एक खेकडा तरी!"

"बाबा, खाली बसा!"

"तू गप! अरे ए टोपीवाल्या, आता टोपी नाहीये तर डोकं तरी..."

वरून आर्गिरिसने उडी घेतली. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. बाबांनी दोन्ही हात वर केले, "बघा!" म्हणाले, आणि काठावरून गेले.

त्यांची विजार आधी फुग्यासारखी फुगली. क्षणभर ते त्यात बसल्यासारखे तरंगले, तोंडावर भलतंच आश्चर्य. मग विजारीने पाणी प्यायलं आणि नांगराच्या वेगाने त्यांना खाली घेऊन गेली.

"आत्या, बाबांना पोहता..."

"कुठलं पोहता येतंय!" आत्या किंचाळली. "तुझ्या आज्जीने कधी गुडघ्यापलीकडे जाऊ दिलं नाही त्याला!"

साऱ्या बेटाला मशीन घालून तळाशी धाडणारा माणूस, आणि पोहता येत नव्हतं. मी दोर शोधत होते, दोर सापडत नव्हता, सापडला तो बकरीच्या गळ्यातला. मी उडी मारणार तेवढ्यात होडीशेजारचं पाणी फुटलं आणि बाबांचं बूड वर आलं. आधी बूड, मग मिशा, आणि विजारीला मुठीत धरून मागून आर्गिरिस.

आम्ही त्यांना ओढून घेतलं. ते ओकले, खोकले, होडीच्या तळाला पडून राहिले. आर्गिरिस काठाला धरून पाण्यात लटकला होता. धापा टाकत, कानापर्यंत हसत, त्याने दुसरा हात वर केला. त्यात बाबांची एक चप्पल होती.

"कापेतान," तो म्हणाला, "रिकामा आहे का हात?"

इद्राच्या होड्या हसून उलटायच्या बाकी होत्या. आत्या रडत होती आणि हसत होती. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी चपलेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किती वेळ होतो मी खाली?" त्यांनी विचारलं.

"एक फुटाणा चावेपर्यंत," आत्या म्हणाली.

"खोटं." बाबांच्या मिशा खाली लोंबत होत्या, मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. "मी ओरडत होतो. दोर ओढा, दोर ओढा म्हणून ओरडत होतो. तुम्हाला कुणाला ऐकू आलं नाही?"

त्यांना दोर बांधलेलाच नव्हता.

"सगळेच ओरडतात, कापेतान," आर्गिरिस हळूच म्हणाला. "वर ऐकू येत नाही."

बाबांनी मिशा पिळून पाणी काढलं. मग त्यांनी चप्पल घेतली, पायात घातली, आणि पोरीच्या बापाला शोभेल अशा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वर ये आता. जावई पाण्यात लटकलेला बरा दिसत नाही."

मी किती जोरात ओरडले ते परीक्षकांना विचारा. त्यांनी बिचाऱ्यांनी तिसऱ्या उडीला चांगले गुण दिले होते म्हणे, काहीतरी आणल्याबद्दल नव्हे, उडीबद्दल. तरी आर्गिरिस शेवटून पहिलाच आला. स्वीडनच्या दांडग्याने होडीत येऊन त्याचा हात हलवला आणि आमची सगळी संत्री खाल्ली.

संत योर्गोसचा सण झाला आणि आमचं गलबत दगड घेऊन निघालं. पितळेचं डोकं अंगणात राहिलं, आत्याने त्यात तुळस लावली. इतर कापेतानांनी बाबांना वेड्यात काढलं आणि मशिनी चालू ठेवल्या. बाबांनी त्यांच्याशी भांडून भांडून घसा बसवला, पण ऐकलं ते फक्त एकाने.

शरदात आर्गिरिस परतला. स्वतःच्या पायांनी, धक्क्यावरून उड्या मारत. दुसऱ्याच सकाळी बाबांनी त्याला पवनचक्कीमागच्या खाडीवर नेलं, कुणाला न सांगता. मी चोरून मागे गेले. बाबा विजारीसकट छातीभर पाण्यात उभे होते, आर्गिरिसने त्यांचा हात धरला होता. त्यांनी क्रूसाची खूण केली, नाक दाबलं आणि डोकं पाण्याखाली घातलं.

वर आले ते खोकतच, मिशा गळत, आणि मूठ आभाळाकडे. मुठीत एक गोटा होता, अंड्याएवढा.

"आणलं!" बाबा ओरडले. "आणलं रे, आणलं!"

मी हसले, आणि पकडली गेले.