आज कोणी कोणाचं नाही

शिट्ट्यांच्या कारखान्यात कुजबुज करता येत नाही. तरीही त्या सकाळी बाबांनी सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाभोवती गोळा केलं आणि प्रेस धडधडत असताना, म्हणजे घसा फोडून, एक गुप्त गोष्ट सांगितली.

"आज कोणी कोणाचं नाही," बाबा म्हणाले. "मी साहेब. हा प्रेसवाला. ही तपासणीची मॅडम. नाती गेटबाहेर काढून ठेवा, चपला ठेवतो तशी."

आता प्रेसवाला म्हणजे काका, बाबांचा सख्खा भाऊ. तपासणीची मॅडम म्हणजे आत्या, दोघांची थोरली बहीण. पॅकिंगला काकू. शिट्टीचे पत्रे सांधायला, म्हणजे डाग द्यायला, एरवी बाबा स्वतः. परदेशी पत्रव्यवहार बघायला बाबांची मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत. उरलेले कुठून ना कुठून चुलत, मावस नाहीतर साडूचे. बफ मशीनवरचा पॉलिशवाला तेवढा बाहेरचा, आणि तोही पोरवयापासून इतका इथलाच की त्याला कोणी बाहेरचा धरत नसे.

कारण साधं होतं. खेळाचं सामान विकणाऱ्या एका परदेशी कंपनीला पंचांसाठी पितळी शिट्ट्या हव्या होत्या. इकडे जो तो प्लॅस्टिकच्या मागे लागल्यापासून प्रेस अर्धा आठवडा झाकून ठेवावं लागत होतं. ही ऑर्डर मिळाली तर कारखाना तगणार, नाहीतर बाबा शटर ओढायला मोकळे. पण कंपनीचा एक नियम होता: माल करणारा आणि माल तपासणारा नात्यातले नकोत. आणि ते बघायला कंपनीची बाई आज येत होती.

धाकटीनं हा नियम बाबांना पुन्हा पुन्हा समजावून सांगितला होता. दर वेळी बाबांचा चेहरा कोरा.

"घरची माणसं बसवून ठेवायची आणि आपलं उणंदुणं परक्याच्या हातात द्यायचं," ते म्हणाले, "ही कुठली नीती गं?"

"सरळ सांगून टाकू ना, बाबा."

"पहिल्याच भेटीत सगळं उघडं करतं का कोणी? ऑर्डर हातात पडू दे, मग सांगू."

धाकटीनं विषय सोडला, कारण तिचंही नेमकं तेच चाललं होतं. तिचं आणि पॉलिशवाल्याचं लग्न करायचं ठरलं होतं, फक्त ते दोघांतच ठरलं होतं. ऑर्डर आली की बाबांचा मूड आभाळाला टेकणार, तेव्हा सांगू, असा बेत होता. म्हणजे कारखाना आणि लग्न एकाच खिळ्याला टांगलेले.

बाई वेळेवर आली. उंच, सपाट बुटांची, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. आत्यानं चहाचा कप पुढे केला तर तिनं नम्रपणे हात जोडले. जिथे तपासणी करते तिथे मी काही घेत नाही, म्हणाली.

"चहासुद्धा नाही? मग आली कशाला ही?" आत्या म्हणाली.

"मॅडम आपलं स्वागत करतायत," धाकटीनं बाईला तिच्या भाषेत सांगितलं.

आणि मग जी काही धमाल सुरू झाली. काकाला जन्मात पहिल्यांदा भावाशी चारचौघांत मोकळं बोलायला मिळालं होतं, त्यानं ती संधी सोडली नाही. "साहेब, आपण जरा बाजूला व्हाल का? साहेब, आपली सावली पडतेय. साहेब, आपल्याला यातलं काही कळतं का?" काकूनं नवऱ्याला "अहो प्रेसवाले" म्हणून हाक मारली आणि नव्या नवरीसारखी लाजून खोक्यांआड पळाली. धाकटीला हसू दाबता दाबता उचकी लागली. बाई मात्र शांतपणे बघत होती.

शेवटी बाई आत्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आत्या प्रत्येक शिट्टी आधी कानाशी हलवून बघायची, आतली बुचाची गोळी मोकळी फिरते ना ते. मग एक फुंकर आखूड, एक लांब. पहिली शिट्टी खणखणीत वाजली, दुसरीही. तिसरीला आत्या थबकली. पुन्हा फुंकली, कडेला बोट फिरवलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळा मारला.

"ही चांगली आहे का?" बाईनं विचारलं.

प्रश्न धाकटीनं आत्याला सांगितला, पण उत्तर बाबांनी दिलं. "उत्तम."

संपलं. आत्याच्या मालाला कोणी उगाच उत्तम म्हटलेलं तिला खपत नसे.

"उत्तम? तोंड वर करून उत्तम म्हणतोस?" आत्या उठलीच. "लहानपणी पतंगाला भोक असायचं तरी उत्तमच म्हणायचास. डाग अर्धवट दिलायस, वारा कडेनं जातोय. चष्मा लाव म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतेय मी. अख्खा ट्रे परत." आणि तिनं कारखान्याच्या मालकाचा कान धरला.

"ताई, पाहुण्यांसमोर तरी," बाबा कळवळले.

काकानं प्रेस बंद केलं. कारखान्यात इतकी शांतता धाकटीनं रविवारीसुद्धा ऐकली नव्हती.

"काय म्हणाल्या त्या?" बाईनं विचारलं.

धाकटीच्या जिभेवर खोटं तयार होतं. चांगलं गुळगुळीत, पॉलिश केलेलं. पण आत्याच्या हातात अजून बाबांचा कान होता, आणि त्या कानाकडे बघत खोटं बोलणं तिला जमेना. "म्हणाल्या की ट्रे नापास. त्या यांच्या थोरल्या बहीण आहेत. प्रेसवाला धाकटा भाऊ. मी मुलगी. आम्ही सगळे नातेवाईक आहोत आणि सकाळपासून तुम्हाला फसवतोय. मला फार लाज वाटतेय."

बाबांना शब्द कळले नाहीत, पण काय झालं ते कळलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाई स्टुलावर बसली. म्हणाली, "नातं आहे याचं मला एवढं नाही. लपवलंत, त्याचं वाईट वाटलं. आमच्याकडे असं धरतात की बहीण भावाचा माल नापास करणार नाही. म्हणून तो नियम."

धाकटीनं सांगितल्यावर आत्या खरोखरच चकित झाली. "मग कोण करणार? परक्याला काय पडलंय? तो गोड बोलेल आणि घरी जाईल. आपल्या माणसाचाच कान धरता येतो."

हे धाकटीनं सांगितल्यावर बाईनं बाबांच्या लाल कानाकडे पाहिलं. मग म्हणाली की नियमात एक वाट आहे. नातं उघड सांगायचं आणि आत्याच्या जोडीला नात्याबाहेरचं एक माणूस तपासणीला बसवायचं. "असं कोणी आहे इथे?"

सगळी बोटं एकदम बफ मशीनकडे वळली. बाबांनी धावत जाऊन पॉलिशवाल्याच्या खांद्यावर हात टाकला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "हा. याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही. आज नाही, पुढेही नाही. वाटल्यास शपथ घेतो."

पॉलिशवाल्यानं धाकटीकडे पाहिलं. धाकटीला सगळं लख्ख दिसलं: गप्प बसलं की ऑर्डर मिळते, आणि ऑर्डर आहे तोवर हा माणूस परका. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं ते हसूच.

"हा चालणार नाही, बाबा," ती म्हणाली. "याचा संबंध आहे. म्हणजे होणार आहे. माझ्याशी." आणि लगेच तेच बाईला तिच्या भाषेत सांगितलं, कारण आता आणखी खोटं शिल्लक ठेवणं बरं नव्हतं.

खोक्यांआडून काकूचा हसण्याचा आवाज आला.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं. हात अजून पॉलिशवाल्याच्या खांद्यावरच होता, काढावा की ठेवावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"नवं बफ मशीन आलं तेव्हापासून."

"मला ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

"ताई, तुला ठाऊक होतं आणि तू बोलली नाहीस?"

"माल पास होता. पास माल असला की मी कधी बोलते का?"

बाबांनी पॉलिशवाल्याला नीट निरखून पाहिलं, आणि हात खांद्यावरच ठेवला. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळं समजल्यावर बाई इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. "अहो, पण मग परकं कोण उरलं?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग एकेक करत सगळे तिच्याकडेच बघायला लागले.

बाई फोनवर वरिष्ठांशी बोलली. पुढे दर मालाला कंपनीचं माणूस येईल, आजचा नमुना हिनंच तपासायचा, असं ठरलं. आत्यानं शेजारी स्टूल ओढून दिलं. बाबा चष्मा लावून नापास ट्रेला पुन्हा डाग द्यायला बसले. एक आखूड, एक लांब, दुपारभर दोघी फुंकत होत्या. बाईचे गाल लाल झाले. उन्हं कलता कलता तिनं एक शिट्टी बाजूला काढली, जी आत्यानं पास केली होती. आत्यानं ती कानाशी हलवली, फुंकली, पुन्हा फुंकली.

"खरंच की," आत्या म्हणाली आणि बाईच्या डोक्यावरून हात फिरवला. "अगदी आमच्या घरातली शोभतेस. हिच्या लग्नाची बोलणी करायची आहेत, तू मुलीकडून बसायचंस. आता चहा घे बघू."

धाकटीनं सांगितलं. बाईनं घाईघाईनं आपलं स्टूल वीतभर लांब सरकवलं.

"त्यांना म्हणावं, संध्याकाळपर्यंत तरी मला परकीच राहू द्या. माझी सही व्हायची आहे."

"बरं," आत्या म्हणाली, आणि तिच्या चहावर बशी झाकून ठेवली.